घरच्या मुक्या सोबत्याचा फोटो
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



माझं नाव वक्त्यांत वाचून बऱ्याच जणांना वाटलं असेल, बँकवाला माणूस आहे, ठेवी आणि व्याजदरावर बोलणार. ते नोकरीत ३४ वर्षं बोलून झालं. आज बोलायचं आहे ते घरच्या कुत्र्या-मांजरांचे फोटो चांगले कसे काढावेत यावर. हसू नका. आपली संस्था २५ वर्षांची झाली. कुत्रं साधारण १० ते १३ वर्षं जगतं, घरात सांभाळलेलं मांजर १५ वर्षं काढतं. म्हणजे एवढ्या काळात आपल्या कित्येक घरांत त्यांच्या दोन पिढ्या होऊन गेल्या. आणि शिल्लक काय, तर मोबाइलमधले चार हललेले फोटो.

चांगला फोटो कशाला म्हणायचं, हे मी म्हशींच्या कर्जप्रकरणांत शिकलो. दुधाळ जनावराला कर्ज दिलं की विमा आला. जनावराच्या कानात बिल्ला मारायचा आणि प्रकरणाला मालकासह जनावराचा फोटो जोडायचा. फोटोच्या दिवशी मालक धुतलेले कपडे, टोपी घालून म्हशीच्या पुढेच उभे राहायचे. एक म्हातारबुवा मात्र आपणहून बाजूला सरकले आणि म्हणाले, "सायेब, माहा फोटो कायले काढता? इमा त म्हशीचा हाये." सगळा धडा त्यात आला. शिंगांचा बाक, कपाळावरचा चांद, कानातला बिल्ला पाहून ती म्हैस शंभर म्हशींत ओळखू आली पाहिजे.

खामगाव-बुलढाणा रस्त्यावरचं आपलं ज्ञानगंगा अभयारण्यही हेच सांगतं. २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ तेलंगणातून फिरत, हजाराहून अधिक किलोमीटर चालत इथे आला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळली. पण एरवी वाघ ओळखतात ते कॅमेऱ्याने टिपलेल्या अंगावरच्या पट्ट्यांवरून. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचेही सारखे नसतात. म्हणून फोटो दोन्ही बाजूंचे लागतात.

आता घरातलं पाहू. सगळ्यात आधी मोबाइलची काच रुमालाने पुसा. निम्मे फोटो तिथेच सुधारतात.

मग उजेड. रात्री ट्यूबलाइटखाली मोबाइलला पुरेसा उजेड गोळा करायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात शेपूट हलते आणि फोटो पुसट येतो. म्हणून दिवसा, खिडकीजवळ किंवा गॅलरीच्या दाराशी काढा. खिडकी आपल्या पाठीशी किंवा बाजूला असावी, जनावराच्या मागे नको. आपल्याकडचं दुपारचं ऊन बाद. सकाळी ९ च्या आत किंवा ५ नंतर. फ्लॅश बंदच ठेवा. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा थर असतो. अंधारात पाहायला तो त्यांना उपयोगी पडतो, पण फ्लॅश त्यावरून परत फिरतो आणि लाडकी मनी भुतासारखी दिसते.

दुसरं, खाली बसा. उभ्याने काढलं की डोकं मोठं आणि पाय नाहीसे. एलियट अर्विट नावाच्या छायाचित्रकाराचा न्यूयॉर्कमधला १९७४ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. एका बाजूला मोठ्या कुत्र्याचे नुसते पाय, मध्ये बाईंचे बूट आणि शेजारी टोपी घातलेलं एवढंसं कुत्रं, तेवढंच पूर्ण दिसतं. कॅमेरा जमिनीलगत नेला म्हणूनच तो जमला. आपले गुडघे ऐकत नसतील, तर पाटावर बसा किंवा त्यालाच दिवाणावर बसवा.

तिसरं, डोळे. स्क्रीनवर त्याच्या डोळ्यावर बोट टेकवा. मोबाइल सगळं मध्यम उजेडाकडे ओढतो. त्यामुळे काळं कुत्रं राखाडी आणि पांढरं मांजर मळकट येतं. बोट टेकवल्यावर बऱ्याच फोनांत सूर्याचं चिन्ह दिसतं. ते काळ्यासाठी थोडं खाली आणि पांढऱ्यासाठी थोडं वर सरकवा. नावाने ओरडू नका. मोबाइलच्या मागे कुणीतरी बिस्किटाचा पुडा वाजवावा. कान टवकारले जातात, पण दोन-तीनदाच. नंतर बिस्किट द्यावंच लागतं! आणि ते जांभया देऊ लागलं, ओठ चाटू लागलं, तोंड फिरवू लागलं, तर समजा की ते कंटाळलंय किंवा घाबरलंय. त्या दिवसापुरतं थांबा.

कुणी विचारेल, पिंजऱ्यातल्या पोपटाचं काय? आपला देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याचा फोटो झाडावर बसलेलाच शोभतो.

एवढा खटाटोप कशासाठी? मागच्या दिवाळीत फटाक्यांना घाबरून आपल्या मागच्या गल्लीतलं एक कुत्रं पळालं. घरात त्याचे दीडशे फोटो होते. पण कुठे वाढदिवसाची टोपी, कुठे नातवाच्या कुशीत अर्धं तोंड. अखेर एकच फोटो कामाचा निघाला, बाजूने उभा असलेला, मागच्या पायावरचा पांढरा मोजा स्पष्ट दिसणारा. तो ग्रुपवर फिरला आणि तिसऱ्या दिवशी शेगाव रोडवरच्या एका ढाबेवाल्याने तो मोजाच ओळखला. घरच्या आजी तोवर धड जेवल्या नव्हत्या.

म्हणून माझी विनंती अशी. लाडाचे फोटो हवे तेवढे काढा, पण तीन फोटो प्रत्येकाच्या घरी असावेतच: एक समोरून चेहऱ्याचा, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या बाजूचा. ते कागदावर छापून लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवा आणि पासबुकासारखे वर्षातून एकदा भरून घ्या. ते हरवलं तर शोधायला उपयोगी पडतील. आणि एक दिवस ते जाणारच आहे, तेव्हा ते नेमकं कसं होतं हे नातवंडांना दाखवता येईल.