रंगांची नावे : कोठून आली, कोणाची झाली

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात वडिवळे येथे एका सहशिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेल्या भाषणाचा मजकूर)





शैक्षणिक विषयावर थोडे बोलावे, अशी अध्यक्षांची आज्ञा झाली. शिक्षणावरची मोठमोठी भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. मी एक छोटा विषय घेतो. रंगांची नावे. विषय पोरकट वाटेल, पण या विषयाने मला माझीच एक चूक दाखवून दिली. ती चूक आपल्यासमोर कबूल करावी, हाही आज उभे राहण्याचा एक हेतू आहे.

पावसाळ्यात सातवीच्या मुलांना मी निबंध घातला होता, 'पावसाळ्यातील एक दिवस'. एका मुलाने लिहिले होते की धरणाच्या पलीकडे आभाळ सुरमई झाले आणि मग पाऊस आला. मी 'सुरमई' या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि बाजूला लिहिले, 'मराठी शब्द वापरावा.' वर 'करडे' असा शब्द सुचविला आणि एक गुण कापला. शिक्षकाच्या हातून असे रोज होते. मी विसरूनही गेलो.

पुढच्या निबंधात त्याच मुलाने पाचच ओळी लिहिल्या. त्याच्या पुढच्यात चार. भरभरून लिहिणारा मुलगा एकाएकी आखडला. मी कारण विचारले, तर मान खाली घालून उभा राहिला. काही दिवसांनी त्याची दादी शाळेत आली. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती. मी म्हटले, "दादीमा, बसा." ती बसली नाही. म्हणाली, "गुरुजी, तो लफ्ज माझा हाय. पोराचा गुन्हा न्हाई. आमच्या घरात आभाळाला असंच म्हनत्यात. खोटा आसंल तर मी न्हाई बोलनार त्याच्याम्होरं."

मित्रहो, त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. एका गुणासाठी आपण एका घराची जीभ बांधून टाकली, एवढे मात्र कळले. त्या रात्री शब्दकोश घेऊन बसलो. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 साली मुंबईत निघाली. त्यात शब्दापुढे तो संस्कृतातून आला, फारसीतून आला की अरबीतून, हे अक्षराने दाखविलेले असते. माधवराव पटवर्धन, म्हणजे आपले कवी माधव जूलियन, यांचा फार्शी-मराठी कोश 1925 साली प्रसिद्ध झाला. हे असले ग्रंथ चाळता चाळता जे हाती लागले, त्यातले थोडे आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम 'सुरमई'. सुरमा आपल्या सर्वांना माहीत आहे. ईदच्या सकाळी डोळ्यांत घालतात तो. (जाता जाता माता-पालकांना एक विनंती. बाजारातल्या कित्येक सुरम्यांत शिसे असते, म्हणून लहान मुलांच्या डोळ्यांत तो घालू नये, असे डॉक्टर सांगतात.) त्या काळसर, निळसर चमकेच्या पुडीवरून रंगाचे नाव पडले सुरमई. शब्द फारसी खरा. पण मासळीबाजारात जाऊन पाहा. सुरमई मागणाऱ्या गिऱ्हाइकाला 'मराठी शब्द वापरा' असे कोणी सांगते काय? आणि मी सुचविलेला 'करडा' त्या जागी चालत होता काय? राखेचा रंग करडा. पावसाने भरलेल्या आभाळात जी निळाई असते, ती त्यात कोठली? मुलाने नेमका शब्द लिहिला होता. मी तो खोडून ढोबळ शब्द दिला होता.

आता खरी गंमत ऐका. त्या शब्दाखाली मी रेघ ओढली ती कशाने? शाईने. 'शाई' हा शब्द फारसी 'सियाही'पासून आला. 'सियाह' म्हणजे काळा, म्हणून 'सियाही' म्हणजे काळेपणा. फारसी शब्द खोडायला मी फारसी शब्दच हाती घेतला होता, आणि तोही रंगाचाच. 'लाल शाई' याचा मूळ अर्थ लावला तर 'तांबडा काळेपणा' असा होतो. शंभर वेळा हजेरीपटावर लाल शाईने शेरे मारले, पण हे कधी ध्यानात आले नाही.

'लाल' हाही शब्द फारसीतून आलेला. 'लाल' म्हणजे माणिक रत्न, त्याच्याशी या शब्दाचे नाते सांगतात. आपला जुना शब्द 'तांबडा', तांब्यावरून झालेला. पण दोघे भांडले नाहीत. दोघांनी कामे वाटून घेतली. दिवा लाल, गाडी लाल. माती मात्र तांबडी, आणि पहाटे फुटते ते तांबडे. 'लाल फुटले' असे मावळात कोणी म्हणणार नाही. पाहुणा आला म्हणून घरधनी बाहेर गेला नाही. घर मोठे झाले.

फारसीत तांबड्याला आणखी एक शब्द आहे, 'सुर्ख'. चुन्याच्या कामात विटांची पूड घालतात, तिला गवंडी 'सुरखी' म्हणतात ती यावरूनच. उर्दूत 'सुर्खी' म्हणजे बातमीचा मथळा, कारण जुन्या हस्तलिखितांत मथळे तांबड्या शाईने लिहीत. तिकडे युरोपातही तीच रीत होती आणि इंग्रजीतला 'रुब्रिक' हा शब्दही लॅटिनमधल्या तांबड्या रंगावरूनच निघाला. शिक्षकांची लाल शाई अशी फार जुनी आहे.

'जर्द' म्हणजे पिवळा. जर्दाळू म्हणजे पिवळा आलू, आलू म्हणजे येथे बटाटा नव्हे, फळ. लग्नातला गोड भात जर्दा, कारण तो पिवळा. 'सब्ज' म्हणजे हिरवा. सब्जी म्हणजे हिरवळ, आणि उन्हाळ्यात सरबतात घालतो तो सब्जाही त्याच कुळीचा. 'आसमान' म्हणजे आकाश, म्हणून निळा रंग अस्मानी. आणि शेतकऱ्याच्या तोंडी 'अस्मानी-सुलतानी' आहेच. एक संकट आभाळातले, दुसरे राजाचे. आपल्याकडे भात लावणीला आला की अस्मानी शब्दाचे दोन्ही अर्थ कळतात.

'गुलाबी' रंगाची हकीकत मुलांना फार आवडते. फारसीत 'गुल' म्हणजे फूल, 'आब' म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे खरे तर गुलाबपाणी. आपण पाण्याचे नाव फुलाला देऊन टाकले. हाच गुलाब अरबांकडे गेला. त्यांच्या भाषेत 'ग' नाही, म्हणून झाला 'जुलाब'. गुलाबपाण्यातले सरबत, मग त्यातून द्यायचे औषध, आणि शेवटी पोट साफ करायचे औषध. आपल्याकडे आला तेव्हा त्याचे काय झाले हे मी सांगायला नको. गुलाब आणि जुलाब सख्खे भाऊ आहेत, असे सांगितले की वर्ग पाच मिनिटे हसतो, आणि शब्द जन्मभर विसरत नाही.

'किरमिजी' हा दाट तांबडा. भूमध्य समुद्राच्या आसपास ओकच्या झाडांवर एक किडा असतो. तो वाळवून रंग काढीत. त्याला अरबीत 'किर्मिझ' म्हणत. फारसीत किड्याला 'किर्म' म्हणतात आणि संस्कृतात 'कृमि'. शास्त्राच्या पुस्तकातला कृमी आणि दुकानातले किरमिजी लुगडे यांचे मूळ असे एकच निघते. इंग्रजीतले 'क्रिमसन' आणि 'कारमाइन' याच घराण्यातले. आज आपली मुले किरमिजीऐवजी 'मरून' म्हणतात. तो फ्रेंचांचा, त्यांच्या चेस्टनट फळावरून आलेला. परका शब्द सोडून स्वदेशी घेतला असे काही झालेले नाही. एक प्रवासी गेला, दुसरा आला, इतकेच.

नाव घेऊन येणारे आहेत, तसे घेऊन जाणारेही आहेत. संस्कृतातला 'नारंग' फारसीत गेला, अरबीत 'नारंज' झाला, स्पेनमध्ये 'नारांखा' आणि इंग्रजीत 'ऑरेंज'. आपला 'नील' अरबांनी नेला, त्यांच्याकडून पोर्तुगिजांनी 'आनिल' म्हणून नेला, आणि युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यावरून 'अ‍ॅनिलीन' हे नाव पाडले. 1856 साली पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला, मलेरियावरचे औषध क्विनाइन बनविण्याच्या खटपटीत, अ‍ॅनिलीनपासून जांभळा रंग सापडला. प्रयोग फसला आणि कारखाना उभा राहिला. 1897 मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि थोड्याच वर्षांत आपल्या देशातली निळीची शेती बसली. भाषेतून आलेल्या नावाने शेवटी आपल्याच शेतावर घाला घातला.

आता एक मुद्दा नीट ध्यानात घ्यावा. रंगाचे नाव मरते ते बहुधा वस्तू मरते म्हणून. करडईच्या फुलांपासून निघणारा रंग तो कुसुंबी. करडई तेलासाठी अजून पेरतात, पण तिच्या फुलांत कापड बुडविणारा रंगारी राहिला नाही. रंगरेज मंडळींचा तो मोठा धंदा होता. कुसुंबी शब्द आता गाण्यांत तेवढा उरला. उलट तपकीर ओढणारी माणसे कमी झाली, तरी तपकिरी रंग टिकला. तंबाखू आपल्या देशात पोर्तुगिजांबरोबर आली, तेव्हा तपकिरी हे नावही फार जुने असू शकत नाही. 'खाक' म्हणजे धूळ, म्हणून खाकी. 1846 साली पेशावरकडे उभारलेल्या गाइड्स पलटणीने हा मातकट वेष प्रथम घेतला, आणि तांबड्या डगल्यातले इंग्रज सैन्य शतकाच्या अखेरीपर्यंत त्याच धुळीच्या रंगात आले. फारसी शब्द, हिंदुस्थानची धूळ आणि साऱ्या जगाचे शिपाई.

'पिरोजी' हा फिरोजा खड्यावरून आला. फारसीत तो 'पिरोजा'ही होता. अरबीत 'प' नाही, म्हणून 'फ' झाला. मराठीने जुना 'प' जपून ठेवला. आपल्या वर्गातला फिरोज आणि आईच्या पातळाचा पिरोजी काठ हे नातलग आहेत.

आणि सगळी नावे काही लांबून आलेली नाहीत. पारव्याचा पारवा, पोपटाचा पोपटी, मोराच्या पिसाचा मोरपंखी, जांभळाचा जांभळा, आमसुली, डाळिंबी, विटकरी, मोरचुदी, आणि गोठ्यातली नावे तर निराळीच. ढवळा म्हणजे धवल, पवळा म्हणजे पोवळ्याच्या रंगाचा, खैरा खैराच्या रंगाचा, कपिला पिंगट, आणि घोडा दुरंगी असला की अबलख. हा शेवटचा शब्द अरबी आहे, पण कोणत्या शेतकऱ्याला तो परका वाटला? 'ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपण म्हणतो. त्यातला 'वाण' म्हणजे वर्ण, रंग. शेजारच्या बैलाचा रंग लागत नाही, गुण लागतो. भाषांचे मात्र तसे नाही. त्या शेजारी नांदल्या, तर रंगही लागतो आणि गुणही.

कुरआन शरीफात सूरह रूमच्या बाविसाव्या आयतीत माणसांच्या भाषा आणि त्यांचे रंग वेगवेगळे असणे ही अल्लाहची निशाणी म्हणून सांगितली आहे. ही आयत मी लहानपणापासून ऐकत आलो. पण भाषा आणि रंग एकाच आयतीत जोडीने आले आहेत, हे मला त्या सुरमई शब्दानंतर जाणवले.

आपल्यापैकी कित्येकांना वाटते की घरची बोली वेगळी, म्हणून आपली मुले मराठीत मागे पडतात. आणि आमच्यासारख्या काही शिक्षकांना वाटते की घरचे शब्द वहीत आले की मराठी बिघडते. दोन्ही समज चुकीचे आहेत. प्रमाण मराठी मुलांना आलीच पाहिजे, त्यात मी सूट मागत नाही. शुद्धलेखन नीट हवे, व्याकरण नीट हवे. परीक्षेत आणि नोकरीत त्याचा उपयोग आहे. पण दादीने दिलेला नेमका शब्द खोडून ती येत नाही. तो शब्द धरून पुढे गेले, तरच येते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलाची वही मागवून घेतली. सर्वांसमोर माझी रेघ खोडली, कापलेला गुण परत दिला आणि खाली सही केली. मग फळ्यावर 'शाई' हा शब्द लिहून त्याची कुळकथा सांगितली. मुलगा काही बोलला नाही. पण पुढचा निबंध त्याने दोन पाने लिहिला. त्यात शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. त्या मी लाल शाईने दाखविल्या, आणि त्याने त्या सुधारून आणल्या.

तेव्हापासून वर्गात एक वही ठेवली आहे. ज्याला घरी, शेतात, बाजारात रंगाचे नवे नाव ऐकू येईल त्याने ते लिहावे, कोणाकडून ऐकले आणि कशाला म्हणतात तेही लिहावे. वहीत मॅचिंगच्या दुकानातली नावे आहेत, गुराख्यांची आहेत, गवंड्यांची आहेत. पहिल्या पानावरचे पहिले नाव दादीने सांगितले आणि नातवाने लिहिले. ते कोणते, हे आपण ओळखलेच असेल.

माता-पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलाने रंगाचे नाव विचारले तर 'लाइट' आणि 'डार्क' म्हणून त्याची बोळवण करू नका. तुमच्या आईने जे नाव सांगितले होते ते सांगा. आणि शिक्षक बंधूंना विनंती, रेघ ओढण्यापूर्वी एकदा कोश उघडा.