सुसंवादी म्हणजे सांधलेले
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘हार्मोनियस’ हे इंग्रजी विशेषण आपण सर्रास वापरतो. घर हार्मोनियस, रंगसंगती हार्मोनियस! पण हा शब्द मुळात गाण्यातला नाही, जोडकामातला आहे. ग्रीक भाषेत ‘हार्मोस’ म्हणजे सांधा आणि ‘हार्मोनिया’ म्हणजे जोडणी. होमरच्या ‘ओडिसी’त नायक तराफा बांधतो, तिथे लाकडांच्या जोडणीसाठी हाच शब्द येतो. भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातला ‘अर’ही याच मुळाचा मानतात. अर म्हणजे बैलगाडीच्या चाकाचा आरा. प्रत्येक आऱ्याचे तोंड वेगळ्या दिशेला. पण सगळे तुंब्यात घट्ट बसले की चाक चालते.

आपण याला ‘सुसंवादी’ म्हणतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वादी, संवादी, अनुवादी, विवादी असे स्वरांचे नाते सांगितले आहे. षड्जाला पंचम संवादी. दोघे एक होत नाहीत, पण एकमेकांना साथ देतात.

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीकाठी नरसी नामदेव हे गाव आहे. परंपरेनुसार 1270 मध्ये संत नामदेवांचा जन्म इथला. घराणे शिंप्याचे, म्हणजे जोडणे हाच धंदा. शिंपी दोन कापडांचे एक कापड करत नाही, शिवण घालतो. नामदेवांनी महाराष्ट्र आणि पंजाब यांच्यात अशीच शिवण घातली. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, तीही रागांनुसार लावलेली. म्हणून नरसीला वारकरी येतात, तसे शीख भाविकही येतात. 2015 मध्ये मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरले, तेही याच नात्याने.

आता थोडे आमच्या घरचे. ‘हार्मोनियम’ हे नाव याच शब्दावरून आले. 1842 मध्ये पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ यांनी त्याचे पेटंट घेतले. आपण तिला पेटी म्हणून आपलेसे केले. पण तिच्यात मींड निघत नाही, म्हणून 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओनेच तिच्यावर बंदी घातली. ती सुमारे तीन दशके टिकली. आक्षेप खोटा नव्हता. तरी भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही, गुरुद्वारातल्या रागींनीही नाही. उणीव तिची, ती भरून काढली गळ्याने.

घरात, गावात मतभेद झाले की आपण म्हणतो, सुसंवाद संपला. श्रोतेहो, सांधा दोन वेगळ्या तुकड्यांचाच असतो. तुकडे वेगळे आहेत ही तक्रार नव्हे. टाका घालायला कोणी बसत नाही, ही खरी तक्रार आहे.