भिंत कुणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



भिंतीवर लिहिणे ही कला की विद्रूपीकरण, असा वाद सुशिक्षितांच्या वर्तुळात अधूनमधून रंगतो. या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. भिंत ही कुणाच्या तरी मालकीची वस्तू आहे आणि तिच्यावर काय शोभावे हे मालकाने, नाहीतर जाणकाराने ठरवायचे. ज्याने रात्री तिच्यावर लिहिले त्याचा विचार सर्वांत शेवटी होतो, आणि झालाच तर पोलीस चौकीत होतो. चळवळीतल्या माणसांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाती घेणे इष्ट आहे. ज्याच्याजवळ छापखाना नाही, सभागृहाचे भाडे नाही, ज्याचे नाव वर्तमानपत्रात केवळ अपघाताच्या बातमीत येते, त्याने आपले म्हणणे मांडायचे कुठे?

ऑगस्ट १९४२ मध्ये हा प्रश्न या देशात अगदी रोकडा होता. ‘क्विट इंडिया’ हे शब्द समाजवादी नेते युसुफ मेहेरअली यांनी सुचविले असे मानले जाते. इकडे लोकांच्या तोंडी त्यांचे ‘चले जाव’ झाले. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजी आणि काँग्रेसचे नेते गजाआड गेले, वर्तमानपत्रांच्या मुसक्या आवळल्या गेल्या. उरल्या त्या चोरून वाटायच्या पत्रिका आणि भिंती. डांबर, गेरू, चुना, कोळसा, जे हाताला लागेल ते घेऊन, कुंचला नसेल तर काठीला चिंधी गुंडाळून, पोरांनी गावोगाव ती चार अक्षरे उमटविली. या लेखनाच्या आखूडपणाचे कौतुक पुढे साहित्यिक अंगाने पुष्कळ झाले. वस्तुतः त्या आखूडपणात पळून जाण्याच्या वेळेचे माप होते. शिपायाची गस्त वळण घेऊन परत येईपर्यंत जेवढी अक्षरे होतील तेवढीच लिहायची. वळणदार अक्षर, वेलबुट्टी, खाली सही या साऱ्या चैनी ज्याला उजेडात लिहिता येते त्याच्या आहेत. भिंतीवरच्या लेखनाची शैली समजून घ्यायची असेल तर सौंदर्यशास्त्राच्या आधी ही गस्त समजून घेतली पाहिजे.

ही गोष्ट केवळ गेल्या शतकातली नाही. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पाँपेई हे रोमन नगर राखेखाली गाडले गेले आणि त्यामुळेच त्याच्या भिंती टिकल्या. उत्खननात तेथे निवडणुकीचे अडीच हजारांहून अधिक मजकूर सापडले. भिंतीला आधी चुन्याचा हात द्यायचा आणि त्यावर तांबड्या वा काळ्या रंगात उमेदवाराचे नाव काढायचे, ही पद्धत महाराष्ट्रातल्या कोणत्याही नगरपालिकेच्या निवडणुकीत शोभून गेली असती. एमिलियस केलर नावाच्या रंगाऱ्याने तर हे काम आपण चांदण्यात एकट्याने केले, असे तिथेच नोंदवून ठेवले आहे. अमक्याला निवडून द्या, असे सांगणारे कोण? धोबी, पाववाले, फळविके, खेचरे हाकणारे, सोनार. मद्यगृहातल्या स्त्रियाही आहेत, ज्यांना मताचा अधिकारच नव्हता. रोमन इतिहासकारांच्या ग्रंथांत सम्राट आहेत, सेनापती आहेत, त्यांच्या मातांची कारस्थाने आहेत. कपडे धुणाऱ्यांच्या पंचायतीचे राजकीय मत काय होते हे मात्र भिंतीशिवाय कुणी सांगितले नसते. तथापि भाबडेपणाही नको. उमेदवार धनिक घराण्यांतले होते, पुष्कळसे रंगारी पैसे घेऊन रंगवीत होते, आणि बदनामीची कलाही प्रगत होती. वाटिया नावाच्या एका उमेदवाराला ‘रात्री उशिरापर्यंत पिणारे’ आणि ‘भुरटे चोर’ यांचा जाहीर पाठिंबा असल्याचे मजकूर तिथे आहेत. ते त्याच्या मित्रांनी लिहिले असण्याचा संभव कमी.

विद्रूपीकरणाच्या प्रश्नात लिहिणाऱ्याचा वर्ग कसा मोजला जातो, याचे उत्तम उदाहरण अजिंठ्याला आहे. एप्रिल १८१९ मध्ये शिकारीला आलेला जॉन स्मिथ हा ब्रिटिश लष्करी अधिकारी दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात शिरला आणि त्याने आपले नाव व तारीख शतकानुशतकांच्या चित्रावर कोरून ठेवली. आज एखाद्या सहलीतल्या पोराने तेथे आपले नाव कोरले तर त्याला दंड होईल, आणि तो योग्यच होईल. स्मिथसाहेबांची गणना मात्र लेण्यांचा ‘शोध’ लावणाऱ्यांत होते. भोवतालच्या गावकऱ्यांना लेणी ठाऊक होती. त्यांचे ठाऊक असणे शोध या सदरात बसत नाही.

न्यूयॉर्कचा अनुभव याच्या पुढचा आहे. १९७१ मध्ये ‘टाकी १८३’ या टोपणनावाने शहरभर आपली खूण उमटविणाऱ्या एका ग्रीकवंशीय निरोप्या तरुणाची बातमी तिथल्या मोठ्या दैनिकाने दिली आणि ते लोण भुयारी रेल्वेच्या डब्यांवर पसरले. लिहिणारी बहुसंख्य मुले गरीब वस्त्यांतली, पुष्कळशी कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन. ती घोषणा लिहीत नव्हती, मागण्या मांडत नव्हती. नुसते नाव लिहीत होती. आपल्याकडच्या काही चिकित्सकांना यात राजकारण दिसत नाही. ज्या शहरात त्या मुलांच्या वस्त्या घरमालक विम्यासाठी जाळीत होते आणि अग्निशामक केंद्रे बंद होत होती, त्या शहराच्या श्रीमंत भागातून रोज आपले नाव धावत जावे, एवढी इच्छा राजकीय नसेल तर मग राजकारण म्हणजे काय ते तरी एकदा ठरवावे लागेल. शहराने डबे धुण्यावर अमाप पैसा खर्च केला आणि १९८९ मध्ये रेल्वे ‘स्वच्छ’ झाल्याचे जाहीर केले.

तोवर बाजार पोचला होता. भिंतींवर लिहिण्यापासून सुरुवात केलेला कृष्णवर्णीय चित्रकार बास्कियात १९८८ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मरण पावला. त्याचे एक चित्र २०१७ मध्ये ११ कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. बँक्सी या टोपणनावाच्या ब्रिटिश चित्रकाराने २०१८ मध्ये लंडनच्या लिलावात हातोडा पडताच आपले चित्र चौकटीतच अर्धे फाडून घेतले. ती बाजाराची चेष्टा होती. बाजाराने काय केले? १० लाख पौंडांच्या आसपास गेलेले ते चित्र फाटलेल्या स्थितीत २०२१ मध्ये १ कोटी ८५ लाख पौंडांवर विकले. भांडवलशाही विरोधकाला नेहमीच तुरुंगात टाकते असे नाही. पुष्कळदा ती त्याला चौकट करून देते. म्हणून भिंतीवरच्या लेखनाला ‘कला’ म्हणून मान्यता मिळाली की कार्यकर्त्यांनी हुरळून जाऊ नये.

लोकशाही समाजवाद मानणाऱ्यांनी आणखी एका भिंतीकडे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. १९६१ ते १९८९ उभी असलेली बर्लिनची भिंत पश्चिमेच्या अंगाने रंगांनी आणि शब्दांनी भरून गेली होती. पूर्वेचे अंग कोरे. तिथे भिंतीपाशी पोचण्याआधी पहाऱ्याचा पट्टा होता, मनोरे होते, बंदुका होत्या. ज्या राज्याने स्वतःला कामगारांचे राज्य म्हणविले त्या राज्यात कामगाराला आपल्याच भिंतीला हात लावण्याची सोय नव्हती. त्या कोऱ्या भिंतीने त्या राज्यव्यवस्थेबद्दल जेवढे सांगितले तेवढे तिच्या विरोधकांच्या ग्रंथांनीही सांगितले नाही.

सिरियातल्या दरा या शहरात २०११ च्या आरंभी काही शाळकरी मुलांनी भिंतीवर राजवटीविरुद्ध लिहिले. ‘डॉक्टर, आता पाळी तुमची’ अशा अर्थाचे ते शब्द होते. अध्यक्ष बशर अल-असद हे नेत्रवैद्य. मुलांना पकडून त्यांचा छळ करण्यात आला आणि मार्चमध्ये लोक रस्त्यावर आले. गोळीबार झाला, उठाव पसरला, पुढे यादवी युद्धात लाखो माणसे मेली. चार शब्दांनी युद्ध पेटविले असे म्हणणे चुकीचे ठरेल. दुष्काळ, बेकारी आणि अनेक दशकांची दडपशाही त्यापूर्वीच साचली होती. पण सत्तेला त्या शब्दांची भीती कोवळ्या मुलांच्या अंगाला हात लावण्याइतकी वाटली, ही नोंद राहील. डिसेंबर २०२४ मध्ये डॉक्टर देश सोडून पळाले.

आता आपल्या दाराशी येऊ. भिंतींच्या विद्रूपीकरणाविरुद्ध पश्चिम बंगालात १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणीत, कायदा झाला. महाराष्ट्रात १९९५ मध्ये झाला. गेरूने लिहिणारा या कायद्याच्या तावडीत सहज सापडतो. चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स लावणाऱ्यांविषयी मुंबई उच्च न्यायालयाला मात्र पुनःपुन्हा आदेश द्यावे लागतात. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात पेट्रोल पंपावर १२० फूट लांबीरुंदीचा जाहिरातफलक कोसळला आणि १७ माणसे मेली. एवढ्या आकाराची जाहिरात आभाळात उभी राहते तेव्हा शहर विद्रूप झाल्याची तक्रार फारशी ऐकू येत नाही. कारण त्या आभाळाचे भाडे कुणीतरी भरलेले असते. इकडे नगरपालिकाही शहाण्या झाल्या आहेत. मोकळ्या भिंतीवर कुणी काही लिहू नये म्हणून त्या आधीच फुलपाखरे आणि सुविचार काढून घेतात. सामान्य नागरिक देवादिकांच्या फरश्या बसवितो. त्याची अडचण वेगळी आहे, आणि तीही खरीच.

परंतु भिंत एकट्या भांडवलदाराने घेतली असे म्हणून सुटका नाही. बंगालमध्ये निवडणूक लांब असतानाच पक्ष भिंतीवर आपले नाव टाकून ती राखून ठेवतात, आणि त्यात डावे पक्षही मागे राहिलेले नाहीत. ज्याला दुसरे साधन नव्हते त्याची भिंत अशा रीतीने पक्षांची वतनदारी झाली. महाराष्ट्रातही मजुरीने रंगारी लावायचे आणि कार्यकर्त्याने मोटारसायकलवरून जाऊन काम पाहून यायचे, ही रीत रुळली. त्यातून जातीचा द्वेष पेरणारा मजकूरही तेवढ्याच सुबक अक्षरांत निघतो. रंगाऱ्याला दर फुटाप्रमाणे मिळतो.

निवडणूक काळात खाजगी भिंतीवर लिहायचे तर मालकाची परवानगी लागते. कागद तयार होतो, सही होते, प्रत कचेरीत जाते. झोपडपट्टीत आणि चाळीत भिंतीचा मालक एक असतो आणि तिच्या आड राहणारी माणसे निराळी असतात. पावसाळ्यात ओल धरणारी ती भिंत मार्चमध्ये स्वतःच्या खर्चाने सारवणाऱ्या बाईला, तिच्यावर काय लिहावे हे, सही घेऊन निघालेल्या कार्यकर्त्याने निदान एकदा विचारावे.