आग, ऑक्सिजन आणि आमची रुग्णवाहिका
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी माझी ओळख करून देताना 'लोकांचे जीव वाचवणारा' असं म्हटलं गेलं. टाळ्याही पडल्या. मी रुग्णवाहिकेवर काम करतो, एवढंच खरं. आणि आज बोलणार आहे ते आगीबद्दल, कारण हा विषय आम्ही बराच उशिरा शिकलो.

६ नोव्हेंबर २०२१. भाऊबीज होती. आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण गेले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्यात १० तान्ही बाळं गेली होती. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयातही तेच झालं. अशा ठिकाणी माणसं पळू शकत नाहीत, हे आपण विसरतो. त्यांना कोणीतरी उचलूनच बाहेर काढावं लागतं.

आठवतंय का, विज्ञानाच्या तासाला सरांनी टोकाशी लाल निखारा उरलेली काडी ऑक्सिजनच्या परीक्षानळीत घातली होती? ती भपकन पेटली आणि मागच्या बाकावरून आपण ओरडलो होतो. तीच परीक्षानळी आता माझ्या गाडीत आहे, फक्त सिलिंडरएवढी. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळायला मदत करतो. हवेत तो २१ टक्के असतो. बंद गाडीत मास्कमधून गळत राहिला की प्रमाण वाढतं, चादरीत, केसांत, कपड्यांत मुरतो. मग एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडरच्या व्हॉल्व्हला तेल, ग्रीस लावायचं नाही, तो हळू उघडायचा, सॅनिटायझरचे हात पूर्ण वाळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. आणि गाडीत बिडी नाही. नातेवाईक अजूनही पेटवतात, काय सांगू!

१३ नोव्हेंबर २०२४ ला जळगावजवळ गरोदर महिलेला घेऊन चाललेल्या रुग्णवाहिकेतून धूर येऊ लागला. चालकाने गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं, लांब नेलं. थोड्याच वेळात सिलिंडरचा स्फोट झाला, आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. माणूस एकही दगावला नाही. त्या चालकाने आग विझवायच्या नादात वेळ घालवला असता तर? मी नव्या मुलांना हीच घटना पहिल्यांदा सांगतो.

आता माझी चूक. नोकरीच्या पहिल्या हंगामात ऊसतोड कामगारांची एक कोपी पेटली. पाचटाची ती, बघता बघता गेली. आत झोपलेल्या बाईला लोकांनी बाहेर काढलं होतं. भाजलं फारसं नव्हतं. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ दाखवलं. मी निर्धास्त झालो, सिलिंडर वाचवावा म्हणून ऑक्सिजन काढून टाकला. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या नाकातली काजळी दाखवली, बसलेला आवाज ऐकवला आणि मला सगळ्यांसमोर झापलं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि त्या यंत्राला तो ऑक्सिजनच वाटतो. आकडा खोटा असतो. धुरातून आलेल्याला आकडा न बघता पूर्ण ऑक्सिजन द्यायचा. बाई वाचली. पण ते ९८ मला अजून दिसतं.

तुमच्यासाठी थोडंसं. भाजलं की वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं. टूथपेस्ट नको, शाई नको, बर्फही नको. धूर असेल तर खाली वाकून बाहेर पडा, कारण चांगली हवा जमिनीलगत असते. १०१ ला फोन करा, १०८ ला करा, आणि कोणाला काढायचं राहिलं ते आम्हाला आल्याआल्या सांगा. आम्हीही पेटत्या घरात घुसत नाही. वारा कुठून येतो ते बघून गाडी लांब उभी करतो. लोक त्यावरून शिव्या देतात, पण आम्ही पडलो तर रुग्ण एकाने वाढतो.

सकाळी आत येताना कार्यालयाबाहेरचं अग्निशामक यंत्र पाहिलं. काटा हिरव्यात आहे. पण चहाच्या वेळी आपल्यातल्या सहा जणांना विचारलं, पिन कुठे असते? एकालाही सांगता आलं नाही, त्यात दोन इंजिनिअर आहेत. माझी गाडी बाहेर पटांगणात उभी आहे, त्यात सरावासाठी एक जुनं यंत्र आणलंय. जेवण झालं की या. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दाबायचं आणि डावी-उजवीकडे फिरवायचं. पहिला नंबर मुख्याध्यापक सरांचा, त्यांनी कबूल केलंय.