डूला होण्याआधी
कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत डूला बाईजवळ राहते. कंबर चोळणे, श्वासाची लय धरायला मदत करणे, धीर देणे ही तिची कामे. तपासणी आणि औषधे डॉक्टर-नर्सकडे. प्रसूतीत स्त्रीच्या पसंतीची सोबत असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ची शिफारस आहे.

या कामाची ओढ असणारीने आधी घरची घडी पाहावी. कळा रात्री-अपरात्री सुरू होतात, पहिलटकरणीला १२ तासांहून जास्तही चालतात. खरी कसोटी मात्र मनाची. बाईने वेदनाशामक इंजेक्शन मागितले किंवा सिझेरियन ठरले, तर स्वतःची मते बाजूला ठेवून तिला तितक्याच आपुलकीने साथ द्यावी लागते. जिला हे जमणार नाही, तिने या वाटेला न जाणेच बरे. परिसरातली रुग्णालये डूलाला प्रसूतिकक्षात येऊ देतात का, याचीही चौकशी प्रशिक्षणाचे पैसे भरण्यापूर्वी करावी.