समिती कुठे बसते?

हातातलं काम चालू ठेवून ऐकलंत तरी चालेल, पण आज जरा कान इकडे द्या.

रेशनचं दुकान कुठे आहे विचारलं तर वाडीवरची शाळकरी पोरगीही सांगते. तलाठी कधी भेटतो, लसीकरणाची ताई कोणत्या दिवशी येते, तेही आपल्याला पाठ असतं. मध्यंतरी गटाच्या बैठकीत आम्ही विचारलं, "स्थानिक तक्रार समिती कुठे बसते?" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक मावशी म्हणाल्या, "ती पाणीपुरवठ्याची का?" सगळ्या हसल्या. पण मावशींचं काय चुकलं? आपल्याकडे समित्या काय कमी आहेत? पाण्याची, शाळेची, वनाची, तंटामुक्तीची. फक्त ही एकच अशी की तिचं नाव आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं.

तर ही समिती काय आहे ते आधी सांगतो. कामाच्या ठिकाणी बाईला लैंगिक त्रास होऊ नये यासाठी २०१३ साली देशात कायदा झाला. जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे मालकाने आपल्या ठिकाणीच तक्रार समिती करायची. महाडच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांच्या भिंतीवर तिचा फलक असायला हवा. पण आपल्यातल्या किती जणी तिथे पक्क्या कामाला आहेत? आपल्या बायका हायवेच्या हॉटेलात भांडी घासतात, वीटभट्टीवर जातात, दुकानात साफसफाई करतात, कुणाच्या घरी धुणीभांडी करतात. तिथे दहा माणसं नसतात. कधी कधी त्रास देणारा खुद्द मालकच असतो. अशा बाईसाठी कायद्याने जिल्हा पातळीवर स्थानिक समिती ठेवली आहे. आणि जिल्ह्याचं गाव लांब पडतं म्हणून प्रत्येक तालुक्यात एक समन्वय अधिकारी नेमायचा. त्याने तक्रार घ्यायची आणि सात दिवसांत समितीकडे पाठवायची. समितीची अध्यक्ष बाईच असली पाहिजे. चौकशी नव्वद दिवसांत पुरी झाली पाहिजे. तक्रार लिहिता येत नसेल तर ती लिहून घ्यायला मदत करणं हेही समितीचंच काम आहे.

वाचायला किती छान वाटतं बघा.

आता आमच्या एका गटातल्या बाईचं सांगतो. तिचं नाव, गाव, वाडी काहीच सांगणार नाही. ती एका छोट्या हॉटेलात कामाला जायची. सहा-सात माणसं कामाला. मालक आधी बोलून त्रास द्यायचा, मग हात लावायला लागला. तिने घरी सांगितलं नाही. नवरा मुंबईला. सासूला सांगावं तर उद्यापासून कामच बंद, आणि वर "तूच काहीतरी केलं असशील". गटाच्या बैठकीत हप्ता भरताना ती रडली, तेव्हा आम्हाला कळलं. आम्ही चौघी तिला घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथले म्हणाले, "हे आमच्याकडे येत नाही, महिला-बालकल्याणला विचारा." तिथे गेलो तर साहेब मीटिंगला. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "अलिबागला विचारावं लागेल." पोलादपूरहून अलिबाग म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, गाड्या बदलत. २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे हे खरं, पण दिवसाची मजुरी पूर्णच बुडते ना! आणि तालुक्याला समन्वय अधिकारी असतो हे त्या दोन्ही टेबलांवर कुणी बोललं नाही.

कायद्यात तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवता येतात. आमची बाई तेवढी थांबली नाही. तिने काम सोडलं. आता ती जंगलातून मोळ्या आणून विकते. हॉटेल चालू आहे, तिच्या जागी दुसरी बाई आली आहे.

बाईने तोंड उघडलं नाही, असं लोक सहज म्हणतात. हिने तर उघडलं होतं.

हा कायदा कुणामुळे आला हेही ऐका. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात गावपातळीवर काम करायच्या. आपल्यासारख्याच. घरोघर जायचं, बायकांना गोळा करायचं. सरकारने सांगितलं म्हणून त्यांनी गावातला एक बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, मुलगी तर वर्षाचीही नव्हती. त्याचा राग धरून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ज्या सरकारचं काम त्या करत होत्या त्या सरकारने त्यांना सांभाळलं नाही. १९९५ साली खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. पण 'विशाखा' आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ साली कामाच्या जागेसाठी नियम आले. त्या नियमांचा कायदा व्हायला पुढे सोळा वर्षं लागली. आशाताई, अंगणवाडीताई, तुम्ही ऐकत असाल तर हे लक्षात ठेवा, हा कायदा तुमच्यासारखीच्याच अंगावर जे आलं त्यातून आला आहे.

आता आम्हाला खटकलेली गोष्ट. मालकाने समिती केली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा चुकला तर दंड दुप्पट, परवानाही जाऊ शकतो. ठीक आहे, असायलाच हवा. पण जिल्ह्याची समिती केली नाही, तालुक्याला अधिकारी नेमला नाही, तर सरकारला दंड किती? आमच्यातल्या एकीने अख्खा कायदा मराठीत बसून वाचला. दंडाच्या कलमात फक्त मालक आहे, सरकार नाही. बायकांना या कायद्याची माहिती देणं हे सरकारचं काम म्हणून लिहिलंय, पण पुढे जोडलंय, पैसा आणि साधनं उपलब्ध असतील त्याप्रमाणे. आपण बँकेला असं सांगून बघू या का, हप्ता भरू, पण पैसा उपलब्ध असेल त्याप्रमाणे?

हे आमचंच रडगाणं नाही. गोव्यातल्या एका विद्यापीठाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. मे २०२३ मध्ये त्याचा निकाल देताना न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल नाराजी सांगितली. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये सगळ्या राज्यांना तारखा घालून दिल्या: जिल्हा अधिकारी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत नेमा, स्थानिक समित्या ३१ जानेवारी २०२५ पर्यंत करा, तालुक्याला समन्वय अधिकारी नेमा. कायदा झाल्यावर अकरा वर्षांनी देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाला हे सांगावं लागलं.

घरातल्या मारहाणीचंही तसंच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी आहे. अर्ज केल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा, असं लिहिलंय. ज्या मैत्रिणी महाडच्या कोर्टात खेपा घालतात त्यांना आम्ही काय सांगायचं? संरक्षण अधिकाऱ्याने कारण नसताना काम टाळलं तर त्याला शिक्षा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड. पण त्याच्यावर खटला भरायला आधी सरकारची परवानगी लागते. दुसऱ्याला दंड आणि आपल्या माणसाला परवानगीचं कुंपण.

आपल्या राज्यात महिला आयोगाचं अध्यक्षपद फेब्रुवारी २०२० पासून ऑक्टोबर २०२१ पर्यंत रिकामं होतं. आठवा, ते लॉकडाऊनचे दिवस. पुरुष घरात, कामधंदा बंद, दारूचे पैसे नाहीत, आणि मार कुणाच्या पाठीवर? बरोबर त्याच वेळी खुर्ची रिकामी. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने 'शक्ती' विधेयक मंजूर केलं, पेढे वाटले गेले, पण राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते अंमलात आलंच नाही. आम्हाला तर वाटतं, फाशीची कलमं वाढवण्यापेक्षा पोलादपूरच्या एका टेबलावर एका बाईचं नीट ऐकून घेणारा माणूस बसवणं स्वस्तही आहे आणि उपयोगाचंही.

काही जणी म्हणतील, गावातच मिटवलेलं बरं. २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आली, बक्षिसं लागली. बांधाचं भांडण, पाण्याचं भांडण जरूर मिटवा. पण बाईच्या अंगावर हात टाकला तो 'तंटा' नव्हे. तो मिटतो तेव्हा गप्प बसते ती बाई. तिच्याकडून कागदावर अंगठा घेतला जातो आणि गावाचा कागद कोरा राहतो.

आपण तर महाडच्या बायका. चवदार तळ्याचं काय झालं होतं? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला, पण पाण्याला हात लावू दिला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चालत तळ्यावर गेली, ओंजळीने पाणी प्यायली, तेव्हा कुठे त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतरही मारहाण झाली, कोर्टकचेरी झाली, हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. कागदावरची गोष्ट हातात यायला किती लागतं हे या गावाला कुणी शिकवायला नको.

म्हणून आम्ही एक केलंय. माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. प्रश्न तीनच आहेत. पहिला, रायगड जिल्ह्याच्या स्थानिक तक्रार समितीचे आजचे सदस्य कोण आणि त्यांची नेमणूक कोणत्या तारखेची? दुसरा, महाड आणि पोलादपूर तालुक्यांचे समन्वय अधिकारी कोण, ते कोणत्या कार्यालयात, कोणत्या वेळेला भेटतात? तिसरा, गेल्या तीन वर्षांत या दोन तालुक्यांतून किती तक्रारी पुढे गेल्या? उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. आलं की याच रेडिओवर वाचून दाखवू. नाही आलं तर अपील करू आणि तेही सांगू.

तुमच्या गावातही हे करता येईल. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, बऱ्याच ठिकाणी ती नुसती रजिस्टरवर होते. यंदा बसा. समन्वय अधिकाऱ्याचं नाव आणि फोन ग्रामपंचायतीच्या, अंगणवाडीच्या आणि दवाखान्याच्या भिंतीवर रंगवा, असा ठराव घ्या आणि सहीशिक्क्याची प्रत मागून घ्या. तोवर अडचण आली तर ११२ आणि १८१ हे दोन नंबर आहेत. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण ऐकून परत येऊ नका. बलात्कार, विनयभंगासारखी तक्रार नोंदवायला पोलिसाने नकार दिला तर त्यालाही शिक्षा आहे, निदान सहा महिने. एकटी जाऊ नका, गटातल्या दोघी तरी बरोबर असू द्या आणि तक्रारीच्या आपल्या प्रतीवर पोच घ्या.

आमच्या अर्जाचा नमुना प्रभागसंघाच्या कार्यालयात ठेवला आहे. येताना एक कोरा कागद आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर तिकीट लागत नाही, दाखल्याची झेरॉक्स जोडा. बुधवारी आणि शनिवारी आम्ही दुपारी दोनपर्यंत तिथे असतो. लिहिता येत नसेल तरी या, आम्ही लिहून देऊ.