वाढलेले वजन कशाचे?

खानापूर तालुक्यातील विटा हे गाव पर्जन्यछायेच्या मुलखातले. पावसाने पाठ फिरविली म्हणून येथील पुष्कळ माणसे घराबाहेर पडली आणि सोने-चांदी गाळण्याची विद्या पदरी घेऊन देशभरच्या सराफकट्ट्यांत जाऊन वसली. गलाईच्या या धंद्यात शिरणाऱ्या मुलाला एक गोष्ट प्रथम समजून घ्यावी लागते, ती ही की तराजू वजन सांगतो. ते वजन कशाचे, हे तो सांगत नाही. दहा तोळ्यांच्या लगडीत सोने किती, चांदी किती आणि तांबे किती, हे कळावयास मूस, अग्नी आणि आम्ल यांचीच कसोटी लावावी लागते. मनुष्यदेहाचेही नेमके असेच आहे. परंतु सोन्याच्या बाबतीत इतका सावध असणारा मनुष्य स्वतःच्या देहाच्या बाबतीत मात्र काट्यावरील आकडा पाहूनच निकाल देऊन मोकळा होतो.

कल्पना करावी की असाच एक गृहस्थ, वय पन्नाशीच्या आसपास, दूरच्या शहरातून दिवाळीस विट्याला आला आहे. आठ-दहा दिवसांत त्याचे वजन चार किलोंनी वाढलेले आहे. मंडळी कौतुकाने म्हणतात, "परगाव चांगले मानवले हो! अंग धरले!" त्याच घरातील सुनेचेही वजन चार-पाच महिन्यांत तितकेच वाढलेले असते, पण तिच्या वाट्यास कौतुक येत नाही. "अंग सुटले," असे तिच्याविषयी म्हटले जाते, आणि तिच्या पानात भात वाढताना सासूबाईंचा हात आखडतो. पुरुषाचे अंग धरते आणि स्त्रीचे सुटते, असा हा आपल्या बोलीतला न्याय आहे! दोघांचीही चौकशी कोणी करीत नाही. एकाची स्तुतीमुळे होत नाही, दुसरीची निंदेमुळे होत नाही.

आता थोडा हिशेब करून पाहावा. एक किलो मेद अंगावर चढण्यास सुमारे ७,७०० कॅलरी इतके अन्न नित्याच्या गरजेहून अधिक पोटात जावे लागते. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले आणि ते सारे मेदाचेच असले, तर त्या मनुष्याने रोजचे जेवण करून वर सुमारे साडेचार किलो ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या असे मानावे लागेल. हे संभवत नाही. तस्मात् दोन-चार दिवसांत झपाट्याने वाढलेले वजन बहुधा मेदाचे नसते, पाण्याचे असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हा हिशेब तर शाळकरी मुलासही ठाऊक आहे.

हे पाणी नेहमी रोगाचेच असते असे मात्र नाही. लग्नकार्यातील पंक्ती, लोणची आणि पापड यांतून पोटात गेलेले जास्तीचे मीठ पाणी धरून ठेवते. स्थूल मानाने ९ ग्रॅम मीठ एक लिटर पाण्यास अडवून धरते. उपवासाने घटलेले किलो-दीड किलो वजन पारण्यानंतर परत येते, तेही मुख्यत्वे पाण्याचेच. मासिक पाळीपूर्वी पुष्कळ स्त्रियांचे वजन किंचित वाढते. असे वजन चार दिवसांत आपोआप उतरते. त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

जे उतरत नाही, वाढतच जाते, त्याचा मात्र शोध केला पाहिजे. आपल्या प्राचीन वैद्यकाने हा भेद ओळखला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल पुरुषाचे वर्णन एकविसाव्या अध्यायात आहे, आणि शोथाचा, म्हणजे सुजेचा विचार अठराव्या अध्यायात निराळा केला आहे. मेद वेगळा आणि सूज वेगळी. घरच्या घरी याची पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. नडगीच्या हाडावर अंगठा थोडा वेळ दाबून धरावा आणि काढून घ्यावा. खळगा पडून तसाच राहिला, तर तेथे पाणी साचले आहे असे समजावे. संध्याकाळी पाय सुजतात, जिना चढताना दम लागतो, रात्री उताणे निजवत नाही आणि उशीवर उशी घ्यावी लागते, अशी लक्षणे असल्यास हृदयाकडे लक्ष द्यावे. सकाळी उठताच डोळ्यांभोवती सूज असेल आणि लघवीस फेस येत असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी करावी. पोट तेवढे फुगत जाऊन हातपाय काटकुळे होत असतील, तर यकृताकडे पाहावे. ज्याला हृदयविकार आहे, त्याचे वजन तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले, तर त्याने त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे, असा आजच्या वैद्यकाचा दंडक आहे.

सुनेची गोष्ट याहून निराळी असू शकेल. तिला थंडी फार वाजते, आवाज जड झाला आहे, केस गळतात, शौचास साफ होत नाही आणि दिवसभर झोप येते, असे असल्यास गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावली असण्याचा संभव असतो. रक्ताच्या एका साध्या चाचणीने ते कळते आणि नित्य एक लहानशी गोळी घेऊन त्यावर उपाय होतो. मात्र केवळ या विकाराने वाढणारे वजन बहुधा दोन ते पाच किलोंचेच, आणि तेही पुष्कळसे क्षार व पाणी यांचे असते. पाळी अनियमित होऊन वजन वाढत असेल, तर बीजाशयाच्या विकाराचा विचार करावा. गरोदर स्त्रीचे वजन एकाएकी वाढून तोंड-हात सुजले आणि डोके दुखू लागले, तर रक्तदाब मोजून घेण्यास एक दिवसाचाही विलंब करू नये.

आणखी एक कारण घरातील औषधांच्या डब्यात दडलेले असते. स्टेरॉईडच्या गोळ्या, इन्सुलिन, मनोविकारावरील व अपस्मारावरील काही औषधे यांनी वजन वाढते; रक्तदाबावरील काही गोळ्यांनी पाय सुजतात. सांधेदुखीवर म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले असल्याचेही आढळलेले आहे. चेहरा गोल होतो, पोट सुटते, पोटावर जांभळट रेषा उमटतात आणि दंड-मांड्या मात्र क्षीण होतात, ही त्याची खूण. तथापि ही औषधे मनाने एकाएकी बंद करू नयेत. बराच काळ घेतलेले स्टेरॉईड अचानक सोडणे जिवावर बेतू शकते.

या सर्वांचा निरास झाल्यावर उरते ते मेदाचे वजन. पण तेथेही काटा फसवितो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचे वजन उंचीच्या मानाने अगदी सारखे होते. दोघांचाही निर्देशांक २२.३. तरीही युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के निघाला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली हे प्रसिद्ध झाले. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटातही मेद लपलेला असतो, असा त्याचा अर्थ. म्हणून काट्याबरोबर कमरेला टेपही लावावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. शेतात राबणारा मनुष्य भट्टीपुढे बसू लागला आणि भाकरी तितकीच राहिली, तर मेद संथपणे साचतोच. त्यास रोजचे चालणे, तेल-साखरेचा संयम आणि पुरती झोप, हाच उपाय होय.

व्यवहारात करावयाचे ते थोडेच आहे. सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करून तारखेसह वहीत टिपावे. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी त्याच वहीत असावी. वाढ आठवडाभरात ओसरली नाही, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि रक्तदाब, लघवी, साखर, मूत्रपिंड व थायरॉईड यांची तपासणी करून घ्यावी. दम लागत असेल, तर आठवड्याचीही वाट पाहू नये. कारण कळण्यापूर्वी कडक उपवास, जाहिरातीतील चूर्णे अथवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या यांच्या नादी लागू नये.

दिवाळीस आलेला तो गृहस्थ कौतुक ऐकून परत गाडीत बसण्याऐवजी तपासणीच्या मेजावर बसला, तर त्याचे प्राण वाचतील. त्या सुनेच्या पानातील भात कमी करण्याऐवजी तिच्या रक्ताची चाचणी केली, तर तिची उमेद आणि तिचा मान दोन्ही परत मिळतील. सोने पारखणाऱ्या घरांना हे अवघड जाऊ नये. लगडीचा कस पाहिल्यावाचून ते कधी मोल सांगत नाहीत. माणसालाही त्यांनी तोच न्याय लावावा.